सोप्यातली नाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, २ जुलै २००६

प्रिय महादेवी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधी हेच लिहितो की मी धडधाकट आहे. बीपीची गोळी रोज घेतो, झोपताना गॅस बंद करतो आणि भाकरी अजून येत नसली तरी भात-आमटीवर भागतंय. चौतीस वर्षांच्या संसारात हे माझं तुला दुसरं पत्र. पहिलं शांभवीच्या वेळी तू माहेरी होतीस तेव्हा लिहिलं होतं. त्यात कारखान्याचा सीझन लांबल्याखेरीज एक अक्षर नव्हतं, असं तू पुढं वीस वर्षं आल्यागेल्याला सांगत होतीस. आताही फोन आहेच. रोज संध्याकाळी सातला आपण बोलतो. तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, जेवेन आता. मी विचारतो, बाळ काय करतंय. तू म्हणतेस, खेळतंय. मग मी विचारतो, कधी येणार. तू म्हणतेस, बघू. त्या 'बघू'च्या पुढं जायला मला फोनवर कधी जमलं नाही. म्हणून कागद घेतला.

तू दिवाळीत पुण्याला गेलीस. शांभवीचं बाळंतपण झालं, बारसं झालं, आता ते पोरगं पालथं पडून पुढं सरकायला लागलं. बोळातल्या बायका विचारतात तेव्हा मी सांगतो, लेकीला मदत लागते, तिच्या सासरचं घर मोठं आहे. पण मूल हे कारण नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. गेल्या पावसाळ्यात पुरानं तुझ्या माहेराला, कुरणवाडीला, वेढा घातला, तुझी आई, आपली अव्वा, लिंगैक्य झाली, आणि पाण्याच्या अलीकडं तीन दिवस बसूनही तुला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोलतेस ते कामापुरतं. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू भांडली नाहीस, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. ह्या आषाढ वद्य दशमीला, म्हणजे वीस-एकवीस तारखेला, अव्वाला वर्ष होतंय. पाऊस धरला तर कुरणवाडीचा पूल पुन्हा पाण्याखाली जाईल. तरीही तू वर्षश्राद्धाला तिथं असावीस, आणि तिथून आपल्या घरी यावीस, एवढंच मला हवं आहे.

तर आता बातमी. गेले पाच महिने आपल्या सोप्यात एक नाव होती. हो, पाण्यावर चालते तीच. बारा फूट लांब, मधोमध चार फूट रुंद, दीड फूट खोल. मी स्वतः बांधली. लगेच शांभवीला हाक मारून हे वाचून दाखवू नकोस, आधी सगळं वाच. तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: बांधल्यावर दारातून काढणार कशी? अगं, छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली मी. लाकडाला हात लावायच्या आधी दार मोजलं. कुशीवर केली की दीड फुटाची नाव साडेतीन फुटांच्या दारातून आरामात निघते. तुझा दिवाण मात्र स्वयंपाकघरात हलवावा लागला आणि मी पाच महिने मिसळणाच्या डब्याशेजारी झोपलो. अंगाला अजून हिंगाचा वास येतो असं कृष्णात म्हणतो. कृष्णात म्हणजे आपल्या बोळाच्या तोंडाला दुधाचं दुकान टाकलंय तो. तू गेल्यानंतर आला. त्याचं नाव ह्या पत्रात पुढं येणार आहे.

नकाशा कुठला विचारशील. नकाशा नव्हताच. मी सकाळच्या गाडीनं देवाच्या वाडीला गेलो आणि घाटावर नावाड्यांच्या नावा बघत बसलो. दुसऱ्या दिवशी टेपच घेऊन गेलो. एक नावाडी बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "पावणं, नाव इकत घ्यायची हाय, का नुसती पँट शिवायची हाय तिला?" मी खरं सांगितलं की मला बांधायची आहे. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि नाव पालथी करून आतल्या फासळ्या दाखवल्या. कुठं जोड घ्यायचा, कुठं घ्यायचा नाही, सगळं सांगितलं. एवढं करून म्हणाला, "आमी शिकलो बाच्या मांडीवर. तुमी शिकताय कॅलेंडरच्या पाठीवर." कारण मी मापं कॅलेंडरच्या मागं लिहून घेत होतो.

सागवानाच्या फासळ्या केल्या, त्यावर पाण्यात टिकणारा प्लाय. बाजूच्या दोन जाड फळ्या मात्र वाकवायच्या होत्या आणि त्या काही केल्या वाकेनात. लाकूड वाफेवर मऊ होतं, हे मला माहीत होतं. वाफेशी माझी जुनी ओळख. मग आपला तांब्याचा बंब काढला. त्याच्या तोंडाला झाकण बसवून पाइप काढला, आणि तो पाइप एका लांब लोखंडी नळात सोडून नळात फळी घातली. तासाभरात फळी अशी नरम झाली, की मी आणि कृष्णातनं ती नुसत्या हातांनी वाकवून फासळ्यांवर आवळली. मला इतका आनंद झाला की मी बोळात जाऊन उगाचच दोन माणसांना चहा पाजला. दुसऱ्या फळीच्या वेळी बंबातलं पाणी आटलं हे माझ्या ध्यानात आलं नाही. बंबाचा तळ गेला. म्हणजे आता नवीन तळ बसवलाय, चकचकीत आहे, पण तुझ्या आईनं दिलेला बंब होता तो, आणि आल्या आल्या तुला दिसणारच आहे, म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो. कबूल करायची सवय लागावी म्हणून लहान गोष्टीपासून सुरुवात केलीय असं समज.

अव्वा असती तर बंबावरून मला काही बोलली नसती. तिनं मला कशावरूनच कधी बोल लावला नाही. मला कानडीत 'अळिया' म्हणून हाक मारायची, मराठीतलं जावईबापू कधी म्हणाली नाही. आपल्या लग्नाचं आठवतं का? तेव्हा कुरणवाडीला पूल नव्हता. आमचं सगळं वऱ्हाड दोन नावांतून आणि तुझ्या चुलत्याच्या गुऱ्हाळातल्या काहिलीतून पलीकडं गेलं. गुळाची ती लोखंडी काहील, तीत नऊ माणसं बसलेली, मधे माझी आत्या छत्री उघडून, आणि ती काहील पाण्यात गरागरा फिरतेय. आणि नवरदेव कुठं? नवरदेव अकरा मैलांच्या वळशानं, बँडवाल्यांच्या ट्रकमधून. बँडच्या सामानाबरोबर कुणीतरी जबाबदार माणूस हवा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा पोचलो. तुझे वडील चिडले होते, आणि तू नंतर मैत्रिणींना सांगायचीस की बघा, स्वतःच्या लग्नातसुद्धा ह्यांना कामाची काळजी. तू ते कौतुकानं सांगायचीस आणि मी गप्प बसायचो. अव्वाला मात्र त्याच दिवशी कळलं असावं. पुढं मी जेव्हा जेव्हा कुरणवाडीला आलो, तेव्हा सगळे जावई नदीवर जायचे आणि अव्वा माझ्यासाठी न सांगता न्हाणीत पाणी काढायची. का, ते तिनं कधी विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. एप्रिलअखेर नाव पुरी झाली. आतून-बाहेरून गम लावला, रंग दिला, आणि मग ती गळते का ते बघायचं होतं. कारखान्यात कुठलीही टाकी दुरुस्त झाली की आम्ही काय करायचो? काठोकाठ पाणी भरायचं, एक रात्र ठेवायचं, आणि सकाळी खडू घेऊन खालून फिरायचं. जिथं थेंब दिसेल तिथं खूण. मीही तेच केलं. नाव मागच्या परसात दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि नळाचा पाइप सोडला. नळाला पाणी सकाळी एकच तास, त्यामुळं भरायला तीन दिवस लागले. झुंबरबाई रोज भिंतीवरून बघायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काठोकाठ भरली. मी खडू घेऊन खाली वाकलो. एक थेंब नव्हता, महादेवी, एकही नाही. मला वाटलं, मोठ्यानं हाक मारून सगळा बोळ गोळा करावा. तेवढ्यात वरून करकर असा आवाज आला. टनाच्या वर पाणी त्या बिचारीच्या पोटात, आणि खाली आधार दोनच ठिकाणी. मी बाजूला उडी मारली आणि नाव मधोमध उलली. सगळं पाणी एका लोटात परसातून झुंबरबाईंच्या अंगणात. तिथं वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातलेल्या. संकेश्वरी मिरच्या, पाच किलो, पोहत पोहत गटाराच्या तोंडापर्यंत गेल्या.

झुंबरबाई कमरेवर हात ठेवून आल्या. एक ओली मिरची उचलून माझ्यापुढं धरली. आणि सुरू झाल्या. "आवो भावजी, नाव पाण्यात घालत्यात! नावंत पाणी न्हाय घालत कुणी! येवडी अक्कल गाढवालाबी असती की!" सगळा बोळ हसला. पोस्टमन हसला. मी ओल्या मिरच्या गोळा करत होतो आणि मलाही हसू यायला लागलं. पण आत कुठंतरी ते वाक्य रुतून बसलं. कारण खरंच, मी अख्खं आयुष्य टाकीच्या बाहेर उभं राहून आतलं पाणी बघत आलोय. चिमणीवर चढलो, बॉयलरच्या पोटात शिरलो, गव्हाणीच्या वर लटकून काम केलं. पण पाण्यात माणसानं जायचं असतं, हा विचार मी कधी जवळ येऊ दिला नाही. नाव गळते का हे बघायचं तर ती नदीत लोटून तिच्यात बसायला हवं होतं. ते टाळण्यासाठीच मी तीन दिवस पाणी भरत बसलो.

आता हे लिहायला हवं. मला पोहता येत नाही. चौतीस वर्षं तू मला पोहणारा माणूस समजत आलीस, कारण लग्न ठरताना तुझ्या वडिलांनी विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. लहानपणी माझा थोरला भाऊ विहिरीत पडला हे तुला माहीत आहे. तो पडला तेव्हा मी काठावर होतो, हे तुला माहीत नाही. त्याला काढलं, तो वाचला, पुढं म्हातारा होऊन गेला. पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझे पाय माझे राहत नाहीत. हे मी आईला सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही आणि तुला तर नाहीच नाही. तुझ्या डोळ्यांत मी चिमणीवर चढणारा माणूस होतो. तो तसाच राहावा, एवढीच माझी हौस होती.

नाव फुटल्यावर पंधरा दिवस मी तिच्याकडं बघितलं नाही. कृष्णातनं विषय काढला, काका, पुन्हा जोडायची कधी? मी त्याला सांगून टाकलं की मला पाण्याची भीती वाटते आणि नाव जोडून उपयोग नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं, बघ. तो हसला नाही. त्याच्या शेतावर विहीर आहे, तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन गेला, आणि सुक्या पांगिऱ्याचा ओंडका माझ्या पाठीला दोरीनं बांधला. पोहायला शिकणाऱ्या लहान पोरांच्या पाठीला बांधतात तसा. वय वर्षं एकोणसाठ, पोट सुटलेलं, गळ्यात इष्टलिंग, पाठीला ओंडका, आणि मी विहिरीची पायरी दोन्ही हातांनी धरून. पहिले चार दिवस मी पायरी सोडली नाही. कृष्णात पाण्यात उभा राहून सांगायचा, "काका, पाणी धरायचं नसतंय. सोडा की. सोडल्याबिगर त्ये उचलत न्हाय." पाचव्या दिवशी सोडली. बुडालो, नाकातोंडात पाणी गेलं, आणि ओंडक्यानं मला वर आणलं. मी तिथंच पाण्यात रडलो. कृष्णातला वाटलं, पाणी नाकात गेलंय. आता मला विहिरीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत बिनओंडक्याचं जाता येतं. चांगलं नाही जमत, कुत्र्यासारखं पाय मारत जातो, पण जातो.

नाव पुन्हा जोडली. मधल्या दोन फासळ्या बदलल्या, तळाला आतून जादा फळी दिली, जोडांवर फायबरची जाळी मारली. तीस मेपर्यंत नवीन रंग वाळला. नाव बाहेर काढताना बोळाच्या वळणावर झुंबरबाईंच्या तुळशीकट्ट्याचा एक कोपरा खरवडला गेला, तरी त्यांनी ओरडण्याऐवजी आत जाऊन हळदकुंकू आणि नारळ आणला. ओल्या झालेल्या मिरच्यांच्या बदल्यात मी त्यांना नवीन मिरच्या आणून दिल्या होत्या, पण त्यामुळं नसावं. मी नावेच्या नाकाडावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. कृष्णातच्या टेंपोतून नाव कुरणवाडीच्या अलीकडच्या गावी नेली. गेल्या वर्षी आपण जिथं थांबलो होतो तिथंच, शाळेच्या खालच्या बाजूला, लिंबाखाली ठेवली.

ती शाळा बघितली, महादेवी. व्हरांड्यात पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. तिथं उभं राहिल्यावर ते तीन दिवस समोर आले. अव्वाला दम लागलाय असा निरोप आला आणि मग फोन बंद पडले. आपण मिळेल त्या गाडीनं निघालो, शेवटचे चार किलोमीटर चालत गेलो, आणि पुढं नुसतं पाणी. उसाचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते. पलीकडं कुरणवाडीचं देऊळ आणि गुऱ्हाळाचं धुराडं दिसत होतं. तू मधूनच उठायचीस आणि बोट दाखवून मला सांगायचीस, त्या धुराड्याच्या डाव्या बाजूला आपलं घर. शाळेत तीनशे माणसं आली होती. तू रिकामी बसणारी नव्हेस. बायकांबरोबर चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायचीस, आणि मला सांगितलं होतंस की तुम्ही काठावर थांबा, कुणी येतंय का बघा, आलं तर मला हाक मारा. चौथ्या दिवशी सकाळी मिलिटरीची बोट आली आणि तिच्याबरोबर बातमी आली. मसणवाट पाण्याखाली होती. आपल्यात दहन नाही, मातीच द्यायची. आणि माती द्यायला गावात कोरडी जागा एकच उरली होती, गुऱ्हाळाच्या चुलवणामागचा उंचवटा. तिथं अव्वाला आपल्या रीतीनं बसवून माती दिली. त्या मोठ्या बोटीत मी तळाशी डोळे मिटून बसलो. आपण पोचलो तेव्हा वर ओली माती होती आणि त्यावर बेलाची पानं. तू गुडघ्यावर बसून मातीला हात लावलास. नंतर मांडवात तुझा चुलत भाऊ आण्णा तुझ्याजवळ आला आणि त्यानं विचारलं, "आक्का, ताप उतरला का तुजा?" तू त्याच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस. आणि त्याला म्हणालीस, हो, उतरला. तुला ताप आलेलाच नव्हता. तरी तू हो म्हणालीस. ते 'हो' मी अकरा महिने उशाला घेऊन झोपतोय.

गेल्या रविवारी, पंचवीस तारखेला, मी नाव पाण्यात घातली. पाणी आता काठाच्या आत आहे, पण नदी नदीच. कृष्णात म्हणाला, मी वल्हं मारतो, तुम्ही बसा. मी म्हणालो, तू काठावर थांब, मी मारतो. नाव हलली तसं मी वल्हं दोन्ही हातांनी आवळून धरलं. मधे गेल्यावर तळाच्या एका जोडातून थोडं पाणी आत यायला लागलं. तांब्याभर असेल, पण मी बघत बसलो आणि वल्हं मारायचं विसरलो, तशी नाव आडवी झाली. मग मोठ्यानं अव्वाचं नाव घेतलं आणि हात चालवायला लागलो. कसा पोचलो विचारू नकोस. देवळाच्या घाटाला लागायचं होतं, लागलो म्हशी धुतात तिथं. आण्णा घाटावरून पळत आला, त्यानं नाव ओढून घेतली, सगळीकडून फिरून बघितली, थोपटली. "दाजी, झकास हाय की नाव! तुमी केली? खरंच तुमी केली?" त्याचं तोंड बघून मला वाटलं, आज काही सांगू नये. पण मी त्याला गुऱ्हाळामागं घेऊन गेलो, अव्वाच्या समाधीपाशी, आणि सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "ह्ये मला सांगून काय उपेग? आक्काला सांगा. तुमी सांगस्तवर माज्या घरात तुमास्नी चा बी न्हाय." आणि खरोखरच त्यानं चहा विचारला नाही. माझी नाव मात्र त्यानंच दोन माणसं घेऊन अलीकडं आणून दिली आणि मला त्याच नावेत मधे बसवून आणलं.

त्याला आज आठ दिवस झाले. पाच कागद फाडले. आता सहाव्यावर लिहितो, आणि हे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. काहिलीत जागा होती. पुरात आपण शाळेत होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा पीठ आणि औषध न्यायला काहील घेऊन आला होता. तो म्हणाला, दाजी, काकू आक्काचं नाव घेतीया, आक्काला बोलवा, दोघंबी बसा, घेऊन जातो. मी त्या काहिलीकडं बघितलं. ती फिरत होती. मी आण्णाला म्हणालो, महादेवीला ताप आहे, ती नाही येऊ शकत. तो थांबायला तयार होता, मी त्याला घाईनं लावून दिला. तू भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन पळत काठावर आलीस तेव्हा काहील निम्म्यावर गेली होती, आणि मी तुला म्हणालो, जागा नव्हती. तुला एकटीला तरी पाठवायला हवं होतं. पण तू एकटी गेली असतीस तर मी का नाही गेलो हे सगळ्यांना कळलं असतं. अव्वा त्याच्यानंतर दीड दिवस होती. दीड दिवस ती तुझं नाव घेत होती आणि तू चारशे भाकऱ्या थापत होतीस. मी भ्यालो, महादेवी, आणि माझी भीती झाकायला तुझी आई तुझ्यापासून तोडली. ह्याची माफी मागायची माझी लायकी नाही, तरी मागतो. दशमीला तू ये. तुला माझ्याबरोबर बसायचं नसेल तर आण्णा वल्हं मारेल, मी शाळेपाशी थांबेन. नावेत बसायचंच नसेल आणि पूल उघडा असेल तर पुलावरून जा. पण जा. आणि मला जे बोलायचं आहे ते बोल, कितीही वाईट असलं तरी बोल. फक्त 'बघू' म्हणू नकोस.

तू ठेवशील तसा, तुझाच,
मल्लिकार्जुन